कोर्टावर अंथरलेल्या गाद्या

मी बोललो नाही, ही माझी चूक. त्याहून मोठी चूक ही, की बोललो असं सांगितलं.

माझी धाकटी बहीण वंदना गुजरातची बॅडमिंटनमधली विजेती होती. तिच्या लग्नाच्या बैठकीत आमच्या बाजूने एकच गोष्ट सांगायची होती: पोरगी लग्नानंतरही खेळणार, कबूल असेल तरच पुढचं बोलू. ते सांगायचं काम माझं होतं, कारण मी थोरला भाऊ, आणि नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ऐकू येत नव्हतं. मी ते सांगितलं नाही. नानांनी खुणेने विचारलं तेव्हा मान हलवली. घरी वंदनाने विचारलं तेव्हा "हो, बोललो" म्हणालो. तिचा खेळ त्या दुपारी संपला. कुणामुळे संपला, हे तिला पुढची वीसेक वर्षं कळलं नाही.

हे वंदनाचा सत्कार ठेवणाऱ्या मंडळाच्या पोरांनीही वाचावं. त्यांनी त्या दिवशी स्टेजवरून जे सांगितलं ते खोटं आहे, आणि तो खोटेपणा त्यांचा नाही, माझा आहे.

गेल्या महिन्यात लिंबायतच्या त्या वाडीत, जिथे वंदना खेळायची, पुन्हा पाय ठेवला. सुरतेत लग्नाच्या हॉलला वाडी म्हणतात. दारावर फ्लेक्स होता. वर चार पुढारी, हात जोडलेले, हसरे. खाली कोपऱ्यात वंदना, अठरा-एकोणीस वर्षांची, उडी मारून फूल, म्हणजे शटल, मारताना, तोंड उघडं. ‘लिंबायतची वाघीण.’ मी तिथेच उभा राहिलो आणि माझं डोकं फिरलं. त्या चारांपैकी एकही तिच्या कुठल्या मॅचला आला नव्हता. पोरांना जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं, म्हणून मुलींची स्पर्धा ठेवली, माजी विजेतीचा सत्कार ठेवला. मला फोन आला होता, "काका, तुम्ही भाऊ ना त्यांचे? दोन शब्द बोलायचेत तुम्ही." दोन शब्द. आणि तेही माझ्याकडून.

आत गेलो तर वास तोच. फिनाईल, ओलं गोणपाट, आणि आदल्या दिवशीच्या लग्नातली डाळ. पत्र्याखाली कबुतरं तशीच घुमत होती. भिंतींना आता चकचकीत फरशी लावलीय, पण कोर्टाच्या जुन्या पिवळ्या रेषा खाली कुठेकुठे उरल्यात. एका रेषेवर प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय होता. मी खुर्ची बाजूला सरकवली. एक पोरगा म्हणाला, "काका, लाइन में रखी है, मत हिलाओ." मी परत ठेवली.

आधी वाडी नव्हती. आधी आमच्या लूमच्या खात्यामागची, म्हणजे कारखान्यामागची गल्ली होती. नाना धुळ्याकडून इथे आले ते लूम चालवायला, आणि आयुष्यभर लूमच चालवले. कापडाच्या कडेच्या ज्या चिंध्या निघायच्या त्यांची आम्ही नेट विणायचो, रंगीबेरंगी, कधी गुलाबी, कधी पोपटी, आणि दोन विजेच्या खांबांना बांधायचो. आतून खडखड-खटखट, बारा-बारा तास. त्या आवाजात फुलाचा आवाज ऐकूच यायचा नाही. वंदना फूल डोळ्यांनी ऐकायची. पुढे सर म्हणायचे, ही पोरगी समोरच्याचा खांदा बघून धावते, आवाजाची वाट बघत नाही, त्याचं कारण ती गल्ली.

सर म्हणजे एक निवृत्त गुजराती बँक कारकून. पांढरी हाफपँट, गळ्यात शिट्टी. त्यांनी वाडीच्या मॅनेजरच्या हातापाया पडून फरशीवर रेषा मारून घेतल्या होत्या. लग्न नसेल तेव्हा खेळा, या अटीवर. पण सुरतेत लग्नं संपतात कधी? मोसमात कोर्टाची जेवणावळ व्हायची. पहाटे आचारी कांदे चिरत बसलेले, मोठ्या टोपात तूर शिजतेय, टेबलांच्या रांगा लागलेल्या, आणि दोन रांगांच्या मधल्या पट्टीत वंदना फुलाशिवाय, नुसत्या बॅटने, पुढे-मागे, पुढे-मागे. सरांचा आवाज, "पग, बेटा, पग! कांडुं ढीलुं राख!" पाय हलव, मनगट सैल ठेव. फरशीवर तूप सांडलेलं असायचं. सर त्यावर पीठ भुरभुरायचे आणि स्वतः पोतेऱ्याने पुसायचे. आचारी चिडायचे, "अरे काका, ये शादी का घर है के अखाडा?" वंदना हसायची, पण पाय थांबायचे नाहीत.

पिसांची फुलं महाग, म्हणून ती टिकवायची. सकाळी खेळायला येताना ती कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या किटलीवर फुलांचा डबा धरायची. वाफ लागली की पिसं मऊ होतात, लवकर तुटत नाहीत. वंदनाच्या हातांना कायम आल्याच्या चहाचा वास यायचा. चहावाला म्हणायचा, "बेन, आज जीतीने आवजे, नहीं तो वराळ ना पैसा लागशे." जिंकून ये, नाहीतर वाफेचे पैसे घेईन. ती जिंकून यायची. शाळेच्या स्पर्धा, मग जिल्हा, मग राज्याच्या मुली, मग बायकांची राज्य स्पर्धा, सलग दोनदा. घरात कपाट नव्हतं, म्हणून माय, म्हणजे आमची आई, तिचे कप पाण्याच्या माठामागे मांडायची. पाणी घ्यायला ग्लास घातला की एखादा कप टणकन वाजायचा.

नानांचे कान लूमने नेले होते. लूमवाल्यांचं असंच होतं. खात्यात ही माणसं ओठ वाचतात, बोटांनी बोलतात. हनुवटी उचलली की काय झालं, दोन बोटं तोंडाशी नेली की बोललास का, तळवा फिरवला की धागा तुटला. बाहेरच्या जगात मात्र त्यांना माणूस लागायचा, आणि तो माणूस मी होतो. दवाखान्यात मी, बँकेत मी. वडोदऱ्याला राज्याची पहिली फायनल झाली तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्या शेजारी बसले, आणि वंदनाने पहिला जोरदार फटका मारला तसे माझ्या मांडीवर हात ठेवून, हॉलभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारते झाले, "कसा आवाज येस रे?"

मागचे लोक हसले. मी त्यांच्या तळहातावर जोरात चापटी मारली. असा येतो. त्यांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला. मग प्रत्येक फटक्याला मी त्यांच्या हातावर चापटी मारत गेलो. तिसऱ्या गेमपर्यंत त्यांचा तळवा लाल झाला होता, आणि ते रडत होते, आणि वंदना जिंकली होती.

हा माणूस माझ्यावर इतका विसंबून होता, हे मला त्या दिवशीच कळलं होतं. म्हणून मला माझी चीड येते. न कळून केलं असतं तर वेगळं होतं.

आणखी एक सांगून टाकतो. मी दहावीनंतर लूमवर गेलो. ती गेली नाही. नाना तिला खात्यात पाऊल टाकू देत नसत, "हात खराब व्हतीन" म्हणत. माझ्या हातांबद्दल कुणी काही म्हणालं नाही. मी रात्रपाळी करून सकाळी घरी यायचो तेव्हा ती बॅट खांद्याला लावून बाहेर पडत असायची. नवीन बूट, पांढरे मोजे. मी तिच्यावर जीव टाकायचो. आणि तिचे मोजे बघून तिच्यामागे दार जरा जोरातच लावायचो. दोन्ही खरं आहे.

राष्ट्रीय स्पर्धेत ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली, तिथे थोडक्यात हरली. सर म्हणाले, अजून दोन वर्षं द्या मला, ही पोरगी देशाकडून खेळेल. पण स्थळ आलं होतं. पांडेसराच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर असलेला मुलगा, आपल्याच समाजाचा, गाव आमच्या गावाजवळचं. मायला रात्रीची झोप नव्हती. वंदना वीस वर्षांची होती. ती नाही म्हणाली नाही. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "भाऊ, त्यांना सगळ्यांसमोर विचार. लग्नानंतर खेळू देतील का. नाही म्हणाले तर तसाच उठून ये. माझी काळजी नको करू, मी रडणार नाही."

आमच्यात बैठकीला मुलगी नसते. बायका आतल्या खोलीत, मुलगी त्यांच्यात. बाहेर पुरुष बसतात, त्यांनी ठरवायचं, मग सुपारी फुटायची. मुलीचं म्हणणं कुणीतरी पुरुषाने न्यायचं असतं. हा कायदा कुणी केला मला माहीत नाही. तो आजही पाळणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्या दिवशी मी पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून, त्या कायद्याचा मानकरी म्हणून पुढे बसलो होतो.

बैठक त्याच वाडीत झाली. मॅनेजर ओळखीचा, म्हणून जागा मिळाली. कोर्टावर गाद्या अंथरल्या होत्या, त्यांवर पांढऱ्या चादरी. नेट गुंडाळून खांबाला लावलेली. जिथून ती सर्व्हिस करायची तिथे मुलाचे काका मांडी घालून बसले होते, टोपी तिरपी, तोंडात पान. शेव आणि चिवड्याच्या बश्या फिरल्या. चहा आला. स्थळ आणणारे आमचे मामा माझ्या कानाशी म्हणाले, "आता बोल, काय बोलायचं ते."

मी घसा साफ केला. "आमची वंदना," मी सुरुवात केली, "ती बॅडमिंटन..."

"हां हां, ऐकलं आम्ही!" काका म्हणाले. "पोरगी फूल लई जोरात मारते म्हणे. नवऱ्याचा नेम धरू नको म्हणावं!"

सगळे हसले. मुलाचे वडील हसले, मामा हसले. चहाचा कप सांडला म्हणून आणखी हसले. आणि मीही हसलो. हसताना माझं वाक्य माझ्या तोंडातून कुठे गेलं मला कळलं नाही. हसू ओसरलं तेव्हा मामा हळदीच्या तारखेवर आले होते. मी पुन्हा तोंड उघडू शकलो असतो. कुणी माझा गळा धरला नव्हता. चहा गरम होता, माणसं खुशीत होती, आणि मला त्या खुशीत बसून राहायचं होतं. बस, एवढंच. ज्याच्यासाठी माणूस एवढं मोठं पाप करतो ते एवढंसं असतं, याची शरम मला अजून पचलेली नाही.

समोर नाना माझ्या ओठांकडे बघत होते. सगळे हसत होते, त्यात ओठ वाचून त्यांना कळलं नसावं. त्यांनी दोन बोटं तोंडाशी नेली. बोललास का?

मी मान हलवली.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवला नाही.

लग्न झालं. वंदना बॅटची बॅग घेऊन पांडेसराला गेली. महिनाभराने सासूबाईंनी बॅग माळ्यावर टाकली. वंदना म्हणाली, बैठकीत ठरलंय. सासू म्हणाली, कुणी ठरवलं, कुणी काही बोललंच नाही. सासऱ्यांनी देवाची शपथ घेतली. वंदनाने त्यांना खोटारडे म्हटलं. कारण तिच्या भावाने तिला सांगितलं होतं. नाना तिथे जाऊन भांडून आले. बहिरा माणूस भांडतो तेव्हा सगळी गल्ली ऐकते. "शब्द दिना व्हता तुम्ही!" असं ओरडत होते. व्याह्यांनी कसला शब्द, असं विचारलं ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि मी शेजारी उभा होतो, त्यांचे कान म्हणून, तरी मी ते त्यांच्यापर्यंत नेलं नाही. त्यानंतर नानांनी त्या घरचं पाणी घेतलं नाही. मरेपर्यंत. शेवटच्या आजारपणात व्याही भेटायला आले तर भिंतीकडे तोंड केलं. माझा बाप चुकीच्या माणसावर रागावून मेला, आणि मी त्याला खांदा दिला.

सरही गेले. वाडीच्या रेषा पुन्हा कुणी रंगवल्या नाहीत. वंदनाला दोन मुलं झाली. तिचं मनगट आता साडीवर खडे लावतं, गोंदाने, चिमट्याने, एकेक. तिच्या घरात गेलं की गोंदाचा वास डोक्यात चढतो. तिने कधी माझ्याशी त्या बैठकीचं नाव काढलं नाही. एकदाच म्हणाली होती, "तू बोललास रे भाऊ, एवढं तरी आहे." मी तेव्हा तिच्या घरी जेवत होतो. जेवलो. आणखी भाकरी मागून घेतली.

तर सत्कार. खुर्च्या भरल्या. वंदना स्टेजवर, निळी साडी, हात मांडीवर. तिसऱ्या रांगेत तिच्या सासूबाई. सासरे आता नाहीत. म्हातारीला वंदनाच घेऊन आली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या पोराने कात्रण वाचलं, मग आवाज चढवला, "पण मित्रांनो! सासरच्या जुनाट विचारांनी या खेळाडूचा बळी घेतला! दिलेला शब्द मोडला!" टाळ्या. काही जण वळून म्हातारीकडे बघायला लागले. तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. माझ्या अंगाला आग लागली. कोण तू? तुला काय माहीत? आणि तेवढ्यात त्याने माइक माझ्या हातात दिला.

"मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटतो," मी म्हणालो.

माइक परत दिला. माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. मी घेतला. पुन्हा टाळ्या.

पांडेसरापर्यंत रिक्षात तिघं होतो. वंदना मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासूबाई. घरी पोचल्यावर वंदना चहा ठेवायला गेली. दाजी, तिचा नवरा, पाळीवर होता. म्हातारी पलंगावर बसली, गुडघे चोळत. मग म्हणाली, "भाऊ, एक विचारू का? राग नका मानू. माझे मालक मरेपर्यंत म्हणायचे, मी कानाचा धड आहे, तिथं कुणी काही बोललं नाही. मी आत बायकांत होते, मला ठाऊक नाही. तुम्ही खरंच बोलले होते का?"

आत कपबश्यांचा आवाज थांबला.

"नाही," मी म्हणालो. "नाही बोललो, मावशी. सुरुवात केली, ते हसले, मीही हसलो. मग नाही बोललो. त्यांचं खरं होतं."

वंदना दारात आली. हातात गाळणी होती, तिच्यातून थेंब फरशीवर पडत होते. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती सासूच्या समोर जाऊन बसली.

"आई, मी तुम्हाला खोटारड्या म्हणत आले इतकी वर्षं. बाबांनाही. ते गेले, आता कुणाला सांगू?"

"जाऊ दे," म्हातारी म्हणाली. तिच्या हातातली गाळणी काढून घेत म्हणाली, "आता खरं चाललंय तर मीही सांगते. भाऊ बोलले असते तरी आम्ही नाहीच म्हटलं असतं. त्या वेळी सून खेळायला जाणार, आम्हाला कुठं पटणार होतं."

मला, सांगायला लाज वाटते, त्या क्षणी सुटल्यासारखं झालं. मी म्हणालो, "बघ वंदना, म्हणजे तसंही..."

"गप्प बस!" ती ओरडली. नानांसारखी, सगळी गल्ली ऐकेल अशी. "नाही म्हणाले असते, तर मी हे लग्न केलं नसतं! तेवढ्यासाठीच तुला पाठवलं होतं मी. खेळू द्या म्हणून हात जोडायला नव्हतं पाठवलं. त्यांनी नाही म्हणावं, आणि मग मी नाही म्हणावं, म्हणून पाठवलं होतं. माझं लग्न होतं ते, भाऊ. मला कुणी विचारलंच नाही. तू विचारू दिलं नाहीस."

म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला. वंदनाने तो हात राहू दिला. माझ्यासाठी त्या खोलीत कुठे बसावं अशी जागा उरली नव्हती. मी खाली फरशीवर बसलो. शाल अजून खांद्यावर होती, ती काढून बाजूला ठेवली.

"वंदना," मी म्हणालो, "इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो की माझ्या गप्प बसण्याने तुझा खेळ गेला. तेही मी सोयीचं करून घेतलं होतं. खेळ राहिला असता की नाही, मला माहीत नाही. पण ठरवणार तू होतीस, आणि तुझं ठरवणं मी एका चहापायी बुडवलं. मला भीती वाटली, आणि हेवा होता, तो मी आजपर्यंत कबूल केला नाही. नानांना फसवलं. तुला फसवलं. या घरावर आळ येऊ दिला, आजसुद्धा, हातात माइक असताना. उद्या मंडळात जाऊन सगळ्यांसमोर सांगतो, पण ते तुला सांगण्याच्या बदल्यात नाही. मावशी, तुमची माफी मागतो, आणि जे गेले त्यांचीही. वंदे, तू मला माफ करावंस असं मी मागत नाही. चूक माझी होती, सगळी माझी, आणि मला तिचं फार वाईट वाटतं. मी चुकलो गं."